निर्भयपणाची रंगीत तालीम

तीर्थस्वरूप धोंडिराममामा,

अंधेरीहून गुणाजीचा वाकून नमस्कार (कमरेला पट्टा आहे, त्यामुळे जेवढं वाकता येतं तेवढाच). तुमचा गुडघा आता कसा आहे? मामींनी पाठवलेली फणसपोळी पोचली. तुमच्या भाचेसुनेने, ऋतिकाने, ती कुलपात ठेवली आहे, म्हणजे माझ्यापासून सुखरूप आहे.

पत्राला उशीर झाला, कारण आमच्या ऑफिसात निर्भयपणाची साथ आली आहे. मी कानाला हेडफोन लावून विमानांना वर-खाली व्हायला सांगतो, हे तुम्हाला ठाऊक आहेच (मामी गावभर सांगतात तसं मी विमान चालवत नाही, त्यांना एकदा समजवा). तर वरून हुकूम आला की आमची सुरक्षा-संस्कृती मोजायची. म्हणजे काही चुकलं, बिघडलं, तर माणूस ते न घाबरता सांगतो का, हे तपासायचं. मोजायला घाटकोपरच्या संघमित्रा मॅडम येणार, प्रश्नावलीवर कुणी नाव लिहायचं नाही. हे ऐकून आमचे चंद्रप्रकाश साहेबच घाबरले आणि त्यांनी आदल्या दिवशी चक्क रंगीत तालीम घेतली. 'मी वरिष्ठांशी मोकळेपणाने बोलतो' यापुढे 'पूर्ण सहमत'वर खूण करायची, आणि करताना हसायचं. नंदूला हसू येईना, तर त्याला पुन्हा पुन्हा करायला लावलं.

निकाल लागला, शंभरपैकी शंभर! साहेबांनी पेढे वाटले. मॅडम मात्र पेढा हातातच धरून म्हणाल्या, "सर, एवढ्या माणसांत एकालाही काही खुपत नाही? मग एक तर इथे सगळे देव आहेत, नाहीतर सगळे घाबरलेत." साहेबांनी आमच्याकडे पाहिलं. आम्ही शक्य तेवढे देवासारखे चेहरे केले. आणि मामा, त्या पेढ्याच्या भरात माझ्या तोंडून निघून गेलं की माझा हेडफोन वर्षभर खरखरतोय, पायलटला उंची दोनदोनदा विचारावी लागते. साहेबांनी पेढ्यांचा डबा बंद केला. म्हटलं लागली वाट, यंदाची गणपतीची रजा गेली! पण मॅडमनी टाळ्या वाजवल्या आणि दुसऱ्याच दिवशी नवा हेडफोन आला. काय सांगू, पायलटला सर्दी झालीय हेसुद्धा आता कळतं. त्या आनंदात मी घरी ऋतिकापुढे नाचलो (पट्ट्यासकट).

आता साहेबांनी नवीनच काढलंय. पुढच्या सोमवारपर्यंत प्रत्येकाने न घाबरता एक नवी तक्रार पेटीत टाकायची. चिठ्ठीवर नाव नको, पण पेटीपाशी साहेब स्वतः उभे राहणार, आणि जो टाकणार नाही त्याची गणपतीची रजा रद्द. "कोण घाबरतो तेच बघतो मी!" असं ते दरडावून म्हणाले. नंदूने तक्रारीसाठी कॅन्टीनचा उपमा धरला, दर्शनाने जिन्यातला बंद बल्ब पळवला. मला काही उरलंच नाही.

मामींना नमस्कार सांगा.

तुमचा भाचा,
गुणाजी

ता.क. तसं एक उरलंय, आणि खरं तर तेच खरं आहे: 'आम्ही सगळे साहेबांना घाबरतो.' पण साहेब माझं अक्षर ओळखतात. तेवढं एक वाक्य तुमच्या हाताने कोऱ्या कागदावर लिहून ताबडतोब घरच्या पत्त्यावर धाडा. गणपतीला येणं त्यावर आहे.

ता.क. दुसरा. पाकीट बंद करणार, इतक्यात साहेबांनी मला कोपऱ्यात घेतलं. "गुणाजी, तुझ्या गावाकडे कुणाचं अक्षर बरं आहे का रे? वरच्या ऑफिसातपण पेटी ठेवलीय यार, मलाही एक टाकायचीय." मजकूर विचारला, तर तोच निघाला. तेव्हा मामा, दोन प्रती करा. साहेबांची मामींना लिहू द्या.