पक्षीवाल्या बाईंची चौकशी

४ फेब्रुवारी

बाई काहीतरी लपवताहेत. शंकाच नाही!

लेक परगावी शिकायला गेल्यापासून घर खायला उठतं, म्हणून हिला कॉकाटीलचं पिल्लू हवंय — डोक्यावर तुरा असलेलं, शीळ घालणारं. कुणीतरी या पक्षीवाल्या बाई सुचवल्या. राहत्या घरातच पैदास करतात. आज दोघं जाऊन आलो. आतल्या खोलीचं दार बंद. पिल्लं काचेतूनच बघायची. आत पाऊल टाकायचं नाही, हात लावायचा नाही. का? तर म्हणे बाहेरून येणाऱ्यांच्या हातांवरून, कपड्यांवरून रोग येतो.

माझं आयुष्य विमा कंपनीत खोटे दावे पकडण्यात गेलं. बंद दारामागे काय असतं ते मला कुणी शिकवू नये.

हिने मात्र एक पिल्लू पसंतही करून टाकलं. काचेला नाक लावून बघत होती. कितीतरी दिवसांनी असा चेहरा पाहिला. मला फार बरं वाटलं. दाखवलं नाही.

५ फेब्रुवारी

पिल्लू लगेच देणार नाहीत. ते स्वतःचं स्वतः खायला लागलं की मगच. मी फोनवर जरा घाई केली तर म्हणाल्या, मग दुसरीकडून घ्या. आलेल्या गिऱ्हाइकाला वाटेला लावणारं दुकान जन्मात पाहिलं नव्हतं. कुठेतरी पाणी मुरतंय.

८ फेब्रुवारी

आज पुन्हा गेलो, तर बाईंनी उलट मलाच धारेवर धरलं. घरात दिवसभर कोण असतं, पंखा सुरू असतो का, आधी पक्षी पाळला होता का, त्याचं काय झालं. चौकशीला गेलेला मी, आणि निमूट उत्तरं देत बसलो!

घरी येऊन तक्रार केली तर ही म्हणते, "अहो, जीव द्यायचाय त्यांना आपल्या हाती. विचारणारच." हिला माणसांची पारख कधीच नव्हती. लग्नाचा प्रसंग सोडला तर.

११ फेब्रुवारी

हिने पिल्लाचं नाव ठेवलंय. सांगत नाही, मी हसेन म्हणून.

१२ फेब्रुवारी

तुलनेशिवाय तपास अपुरा. सकाळी बाजारातल्या पक्ष्यांच्या दुकानात गेलो. काय माणूस आहे! खुर्ची दिली, चहा मागवला, वर "साहेब, तुमच्यासारखी नजर आमच्याकडे नाही." एकेक पक्षी माझ्या हातात दिला, एक खांद्यावर बसवला. आडपडदा म्हणून नाही. दोघंतिघं अंग फुगवून, डोळे मिटून बसले होते. एक शिंकत होता. थंडी आहे, म्हणाला. पटलं.

तिथून तडक बाईंकडे. त्या पार्सल घ्यायला खाली उतरल्या आणि मी संधी साधली — थेट आतल्या खोलीत! पिंजरे लख्ख, पाणी स्वच्छ, पिल्लं गुबगुबीत. हिचं पिल्लू उचलून उजेडात धरलं. त्याने माझं बोट चोचीत पकडलं, सोडेचना. मग बाकीचीही हातात घेऊन पाहिली. तपास म्हणजे तपास. बाई वर आल्या तेव्हा मी खुर्चीत बसून पेपर वाचत होतो.

निकाल: बाई विश्वासू आहेत. हिला सांगितलं, घे बिनधास्त, मी खात्री करून घेतलीय. कशी, ते नाही सांगितलं. हिने लगेच लेकीला फोन लावला — "बाबांनी पास केलं!"

१७ फेब्रुवारी

पिंजरा आणला. खिडकीपाशी की कोपऱ्यात, यावरून संध्याकाळभर वाद. अर्थात ही जिंकली. रिकाम्या पिंजऱ्यासमोर शीळ घालायचा सराव चालू आहे. सूर अजिबात लागत नाही.

२१ फेब्रुवारी

बाईंचा फोन. हिलाही ऐकू यावा म्हणून स्पीकरवर लावला. आवाज ओळखू येईना. पिल्लं एकामागून एक चाललीत. हिचं आज पहाटे गेलं. डॉक्टर म्हणतात, रोग बाहेरून आलाय. कुठून, ते समजलं तर उरलेली कदाचित वाचतील. म्हणून आल्यागेल्या सगळ्यांना विचारताहेत.

"तुम्ही आत गेला नव्हतात ना?"

ही समोरच उभी होती, माझ्या तोंडाकडे बघत.

"नाही," मी म्हणालो.

दोघींनीही लगेच विश्वास ठेवला.