सात नाणी कोणालाही, दातवाला सोडून

मी, खाली सही करणार, वय वर्षे एकोणसत्तर, धंदा पितळ-चांदीच्या वस्तूंना पॉलिश करून देण्याचा, गल्लीत मला चकाचक म्हणतात, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर आहे. बिघडली आहे ती हृदयाची झडप. ती बदलून घ्या असे डॉक्टर सांगतात, बायको रोज सांगते, आणि मी रोज नाही म्हणतो. म्हणून हा कागद. यापूर्वी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. का रद्द, ते कलम पाचमध्ये येईल.

कलम एक. दुकान व त्यावरच्या दोन खोल्या माझ्या पत्नीला, तिच्या पश्चात मुलीला. जिन्याचा पितळी कठडा नेमाने पुसत जावा. मी गेल्यावर तो काळा पडला तर लोक मलाच नावे ठेवतील.

कलम दोन. पॉलिशचे यंत्र, चाके आणि ब्रश पुतण्याला. त्याचा हात जड आहे, वस्तूच्या कडा झिजवतो. त्याने आधी वर्षभर दाराच्या कड्या कराव्यात, मगच कोणाच्या चांदीला हात लावावा.

कलम तीन. मेव्हण्याला काहीही नाही. लग्नात माझ्या काळ्या नखांकडे बघून तो चारचौघांत म्हणाला होता, "भावोजी, हात धुवायचे राहिले का?" ते मी एक वेळ सोडून दिले असते. पण माझ्या बायकोला जुनी नाणी जमवणाऱ्यांच्या मंडळात पहिल्यांदा घेऊन गेला तो हाच. स्वतः दोन रविवार गेला आणि कंटाळला. ही मात्र तीन वर्षे जाते आहे.

कलम चार. आता सात नाणी. चांदीचे जुने नाणे वर्षानुवर्षे कागदाच्या पाकिटात राहिले की काळवंडते आणि त्यावर निळे, जांभळे, सोनेरी रंग चढतात. मंडळातले लोक त्याला टोनिंग म्हणतात आणि त्यासाठी जीव टाकतात. आमच्या धंद्यात त्याला मळ म्हणतात.

मंडळात एक दातांचे डॉक्टर आहेत. यापुढे मी त्यांना दातवाला म्हणेन, मृत्युपत्र माझे आहे. एका रविवारी मी हिला आणायला गेलो, तर दातवाला भिंग धरून उभा, आणि ही त्याच्या चिमटीतल्या नाण्याकडे बघून म्हणाली, "अगंबाई! काय रंग आहे!" मी चाळीस वर्षे ट्रॉफ्या, फुलदाण्या, दाराच्या मुठी लखलखीत करून हिच्यासमोर ठेवल्या. "बरंय" याच्या पुढे हिची कधी मजल गेली नाही. माझा जळफळाट झाला. अजूनही होतो, लिहिताना आत्ताही होतो आहे.

तशीच सात नाणी लिलावात निघाली तेव्हा मीही गेलो. ही माझ्या शेजारी, दातवाला पलीकडच्या रांगेत. त्याने पाटी वर केली की मी वर करायचो. नाणी मी धड पाहिलीसुद्धा नव्हती, मी त्याचा हात पाहत होतो. अखेर त्याने पाटी मांडीवर ठेवली आणि हातोडा माझ्या नावावर पडला. जिना उतरेपर्यंत माझा कैफ उतरला. आयुष्यभर जो मळ काढून पोट भरले, तोच मळ मी ईर्ष्येला पडून विकत घेतला होता.

तरी घरी आल्यावर मी विचारले, "कसा हरवला तुझ्या डॉक्टरला?"

"हरवला कुठे? मीच त्यांना मानेनं खुणावलं, राहू द्या म्हणून. तुम्ही हट्टाला पेटला होतात."

"आणि तो थांबला? एका खुणेवर?"

"शहाणा माणूस आहे."

ही मला चाळीस वर्षे ओरडून थांबवते आहे, मी थांबत नाही. त्याला मान हलवून थांबवले. त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि त्यात झडपेचा काही दोष नव्हता.

कलम पाच. रद्द केलेल्या मृत्युपत्रात मी लिहिले होते की सातही नाणी पॉलिश करून, आरशासारखी करून, दातवाल्याला द्यावीत. रंग काढलेल्या नाण्याला मंडळात कोणी विचारत नाही, आणि ते दुःख त्याच्याइतके दुसऱ्या कोणाला झाले नसते. वकीलबाईंनी हसू दाबून ते टाईप केले. पण मरेपर्यंत वाट कशाला पाहायची, असे मला वाटले. गेल्या आठवड्यात मी यंत्र चालू केले आणि पहिले नाणे चाकाजवळ नेले. ही दुकानात आली. मला वाटले, आता आरडाओरडा करेल.

"करा," ती म्हणाली. "पण आधी मला एकदा बघू द्या."

तिने नाणे कडेने धरले, दारातल्या उजेडात नेले आणि जरासे कलते केले. ट्यूबलाइटखाली मला ते नुसते काळे दिसत होते. आता त्याच्या काठाला गर्द निळा रंग होता, आत गुलाबी, आणि मधोमध मधासारखा. पण नाण्याकडे मी फार वेळ पाहिले नाही. मी हिच्या तोंडाकडे पाहत होतो. हे तोंड दातवाला तीन वर्षे दर रविवारी बघतो आहे, हे माझ्या ध्यानात आले, आणि मी आधीपेक्षा जास्त जळलो. यंत्र मात्र बंद केले.

"ऑपरेशन करून घ्या," ती नाण्याकडे बघतच म्हणाली.

"कशाला? माझ्यावाचून तुझं काय अडतंय?"

"काही अडत नाही. तरी घ्या करून."

अशा बोलण्यावर कोण छाती फाडून घेईल? मी नाही म्हटले.

सबब सातही नाणी माझ्या पत्नीला. ती कोणीही पुसू नयेत, पुतण्याने तर त्यांच्या जवळपासही फिरकू नये.

कलम सहा. मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून जो सही करतो, त्याला त्या मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, असे वकीलबाईंनी सांगितले. म्हणून पहिला साक्षीदार दातवाला.

"आणि उद्या त्यानं हिच्याशी लग्न केलं तर?" मी विचारले.

"काका, काहीतरीच काय!"

कायदा काय म्हणतो, ते त्यांनी अजून सांगितलेले नाही.

(सही) चकाचक
ठिकाण : दुकानावरची पुढची खोली
दिनांक : आज, शुक्रवार

साक्षीदार :
१. दातांचे डॉक्टर (सही)
२. समोरचे शिंपी (सही)

पुरवणी, त्याच दिवशी, वेगळ्या कागदावर, माझ्या हाताने. सही करण्याआधी वकीलबाईंनी दातवाल्याला साक्षीदाराचा नियम समजावून सांगितला. त्याचे तोंड पडेल म्हणून मी मुद्दाम समोर बसलो होतो. तो हसला.

"मला कुठे हवीत? वहिनींकडे राहतील ना, मग झालं. दर रविवारी इथेच येऊन बघत जाईन. तुमच्या या खिडकीत उजेड फार छान येतो."

"या की," बायको म्हणाली.

मी कागद परत मागितला. वकीलबाईंनी दिला नाही.

सबब ऑपरेशनला माझी संमती आहे. सोमवारची तारीख घ्यावी. अट एकच : त्यानंतरच्या रविवारी मी या खिडकीत बसलेला असलो पाहिजे.

(सही) चकाचक