मुठीच्या पट्टीखाली

नौपाडा, ठाणे
मंगळवार, २१ फेब्रुवारी १९५६

चि. आनंद यास ताईचे आशीर्वाद. मंदाकिनीलाही सांग.

आम्ही दोघी बऱ्या आहोत. आईच्या डोळ्यांत औषध घालणं चालू आहे. डॉक्टर म्हणतात, मोतीबिंदू अजून पिकला नाही. आई म्हणते, मी पिकले तेवढं पुरे नाही का. तू आणलेली बर्फी तिने शेजारीपाजारी वाटली आणि एक वडी तुझ्यासाठी म्हणून झाकून ठेवली. ती काल मुंग्यांना गेली. शाळेत परीक्षेचे पेपर काढणं सुरू आहे, त्यामुळे मान वर करायला फुरसत नाही.

तरी तुझी रॅकेट तयार आहे. हे पत्र आणि ती, दोन्ही तुझ्या दुकानातल्या दौलतकडे देते आहे. सोमवारी मुंबईच्या रॅकेट-कारखान्याचे साहेब तुझ्याकडे डोंबिवलीला येतील, त्याच्या आत तुझ्या हाती पडायला हवी. वजन त्यांनी सांगितलं तेवढंच, पावणेचौदा औंस. तोल मध्यापासून पाव इंच मुठीकडे. अप्पांच्या लाकडी पट्टीच्या धारेवर तीनदा ठेवून पाहिली, तिन्ही वेळा आडवी राहिली. मूठ साहेबांच्या हाताच्या मापाने एक पदर जाड केली आहे. चामडं गुणाजीकडचंच, पण या खेपेला मी स्वतः जाऊन निवडलं.

काम चांगलं झालं आहे. मी आजवर केलेल्यांत सगळ्यात चांगलं, असंही म्हणेन.

क्लबातले प्रभाकरराव वकील येऊन गेले. त्यांचं पुढे लिहिते.

त्या रविवारी तू बर्फी घेऊन आलास, जेवलास, आणि ताटावरून उठता उठता म्हणालास, "ताई, हे एवढं शेवटचं कर. साहेब नुसता रॅकेट हातात धरून बघणारा नाही. मुठीवरची पट्टी सोडून आतलं काम बघणार. पसंत पडलं की कारखान्यात मुख्य कारागीर म्हणून माझं नक्की." मी "बरं" एवढंच म्हटलं. तुला वाटलं असेल, ताईला विशेष काही वाटलं नाही. अरे, तू गेल्यावर मी भांडी घासताना गुणगुणत होते. आईने विचारलंसुद्धा, काय झालं म्हणून. नऊ वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी पट्टी सोडून आत बघणार होतं.

आत काय असतं ते तुला मी सांगायला नको. पण आज सांगते. अप्पांना सत्तेचाळीस साली अर्धांग झालं, उजवा हात गेला. टेनिस क्लबातल्या मंडळींच्या, अप्पांकडे कामाला आलेल्या रॅकेटी घरात पडून होत्या. अप्पा खाटेवरून तोंडाने सांगायचे आणि मी करायची. चहाच्या खोक्याच्या अस्तराचं शिसं कापायचं, तराजूत तोलायचं, मुठीत बसवायचं, वरून चामडं गुंडाळायचं. आणि गुंडाळण्याआधी लाकडावर पेन्सिलीने वजन, तोल, तारीख आणि आपलं अक्षर लिहायचं. मी विचारलं होतं, हे कोण वाचणार? अप्पा म्हणाले, "खेळणारा कधीच नाही. पण पुढे कोणी दुरुस्तीला उघडेल, त्याला कळलं पाहिजे की आधी कोणाचा हात लागला होता." पहिल्या रॅकेटीवर मी 'ह' लिहायला गेले, त्यांच्या नावाचं. त्यांनी मान हलवली. "मी काय केलंय? तुझं लिही." मग मी 'शु' लिहिलं.

रॅकेटी क्लबात पोचवायचं काम तुझं. कोणीतरी विचारलं, कोणी केली, आणि तू म्हणालास, मी. घरी येऊन तूच सांगितलंस, कान लाल करून. मी हसले होते. बाईच्या हातची म्हटलं असतं तर दुसरी कोणी दिली नसती, हे मलाही कळत होतं. पुढे तू डोंबिवलीला बिऱ्हाड केलंस, दुकान घातलंस, 'आनंद टिपणीस, रॅकेट-तज्ज्ञ' अशी पाटी लावलीस. तिच्याखाली रांगोळी मी काढली. तेव्हाही मला वाईट वाटलं नाही, खोटं कशाला सांगू. बाहेर नाव तुझं, आत माझं, अशी वाटणी मी मनाशी करून टाकली होती. तुला ती पुरली नाही.

गेल्या मंगळवारी प्रभाकरराव आले. दारातूनच म्हणाले, "आनंदराव आहेत का? डोंबिवलीला जाऊन आलो, दुकान बंद. कोपर धरलंय हो, नाताळपासून. ही पहिल्यासारखी राहिली नाही." त्यांना बसवलं, चहा ठेवला आणि रॅकेट हातात घेतली. न तोलताच कळलं की जड डोक्याची झाली आहे. मग मुठीकडे पाहिलं. गुंडाळी सुलटी होती.

मी डावखुरी आहे. त्यापायी दोन स्थळं परत गेली, ते तुला ठाऊक आहे. माझी पट्टी उलटी चढते. अप्पा म्हणायचे, उलटी असली तरी चालेल, सैल नको. तेव्हा ही कोणीतरी सोडून पुन्हा बांधली होती. मला वाटलं, दौलतने काही उद्योग केला असेल. मी पट्टी सोडली. शिसं अंगठाभर वर सरकून वाकडं चिकटवलेलं. त्याच्या खाली लाकूड काचेने खरवडून सोललेल्या मुळ्यासारखं पांढरं केलेलं. आणि त्या पांढऱ्यावर 'आ'.

'आ' तू लहानपणापासून शेपटी काढून लिहितोस. मीच मारून मारून थकले, शेपटी काही गेली नाही.

आकडे मात्र माझेच राहू दिलेस. ते तू कुठून आणणार?

वकिलांना मी म्हटलं, पट्टी सैल झाली होती, म्हणून कोपर दुखलं. तुझ्यासाठी खोटं बोलले, सवयीने. शिसं जागेवर आणून त्यांची रॅकेट नीट केली आणि म्हटलं, क्लबात आणखी कोणाची तक्रार असेल तर घेऊन या. शनिवारी त्यांनी तीन आणून दिल्या. एक एक्कावन्न सालची, एक त्रेपन्नची, एक गेल्या दिवाळीतली. तिन्ही सोडल्या. तिन्ही पांढऱ्या. तिन्हींवर शेपटीचा 'आ'.

वकिलांची पाहिली तेव्हा मी तुझ्यासाठी कारण शोधून ठेवलं होतं. साहेब आत बघणार हे त्याला नाताळाआधीच कळलं असेल, म्हणून घाबरला असेल बिचारा. पण एक्कावन्न साली कुठला साहेब होता? पट्टीखाली कोण बघणार होतं, आनंद? मी इथे बांधून द्यायची, तू तिकडे दुकानात बसून ती सोडायची, काच घेऊन घासायचं, आणि पुन्हा बांधायचं. पाच वर्षं. मधल्या प्रत्येक भाऊबीजेला तू माझ्यासमोर पाटावर बसलास, मी ओवाळलं, तू ओवाळणी घातलीस आणि म्हणालास, "ताई, तुझ्यामुळे सगळं चाललंय." ते कोणाला ऐकू येणार नाही एवढ्या हळू म्हणायचास. मला वाटायचं, भरून आल्यामुळे.

तू मला फसवलंस. एवढं एक वाक्य लिहायला मला तीन पानं लागली. जगाला माझं नाव सांगितलं नाहीस, ते मी सोसलं. पण अंधारात, चामड्याखाली, जिथे तुझं काहीच बिघडत नव्हतं, तिथलं एक अक्षरही तुला बघवलं नाही. त्याचं दुःख मला आवरत नाही. आईला काही सांगितलेलं नाही. तिच्या डोळ्यांना पाणी चालत नाही.

साहेबांची रॅकेट करू नये असं मनात आलं. मग आलं, करावी आणि बिघडवावी. परवा दुपारी शिसं अर्धा इंच पुढे सरकवलं. साहेबांनी एकदा हवेत फिरवली असती तर खाली ठेवून उठले असते. तशी दोन तास समोर घेऊन बसले. नाही जमलं. अप्पांनी शिकवलेलं काम मला वाईट करता येत नाही. शिसं काढलं आणि पुन्हा पहिल्यापासून बसले.

या खेपेला पेन्सिल घेतली नाही. अप्पांच्या पेटीतली बारीक पटाशी घेतली आणि मुठीच्या लाकडावर माझं नाव कोरलं, पूर्ण, बापाच्या नावासकट, आडनावासकट. आणि तोलासाठी लागणारं सगळं शिसं त्या अक्षरांत ठोकून बसवलं. अर्धा औंस. मुठीत दुसरीकडे कुठेही शिसं नाही. गुंडाळी माझी आहे, उलटी.

ती सोडून तू अक्षरं उकरशील तर रॅकेट अर्ध्या औंसाने हलकी होईल आणि डोक्याकडे झुकेल. साहेब तराजू घेऊन येणार, असं तूच म्हणाला होतास. पुन्हा तोल कसा आणायचा हे तुला येत नाही, ते आपल्या दोघांनाच ठाऊक आहे. तशीच ठेवलीस तर साहेब पट्टी सोडतील आणि वाचतील. विचारतील, ही कोण? त्यावर काय उत्तर द्यायचं ते तुझं तू ठरव. सहा दिवस आहेत.

आई विचारते, आनंद कधी येणार. तिला भेटायला ये. येताना रॅकेट आणू नकोस.

वजन पावणेचौदा औंस.
तोल मध्यापासून पाव इंच मुठीकडे.
२१-२-५६
बांधणारी,
शुभदा हरिहर टिपणीस