रूपाची शाळापूर्व मानसिक तयारी

१ जून, रविवार
रूपा यंदा पहिलीत. शाळेला बावीस दिवस. आजवर ती अंगणवाडीत होती, पण तिथे माझी आईच मदतनीस. म्हणजे पोरगी तीन वर्षं आजीच्या पदराखालीच होती. खरी शाळा वेगळी.
मोबाईलवर एका बालतज्ज्ञाचा व्हिडिओ दोनदा पाहिला. मुलांच्या मनात शाळेची भीती दडलेली असते. रूपाला विचारलं, भीती वाटते का? नाही म्हणाली, आणि दप्तर कधी घ्यायचं ते विचारलं. तज्ज्ञांच्या मते नाही म्हणणारी मुलंच जास्त घाबरलेली असतात. निदान पक्कं.
उपाय : चित्रांची पुस्तकं. रोज जेवणाआधी एक. खंड पडणार नाही.

३ जून
वाशिमहून तीन पुस्तकं आणली. आज पहिलं वाचलं. हत्तीचं पिल्लू शाळेच्या पहिल्या दिवशी रडतं. मी रडण्याचा आवाज असा काढला की शेजारच्या आवडाबाई पाहायला आल्या.
रूपा गप्प बसून ऐकत होती. शेवटी विचारलं, "बाबा, शाळेत रडतेत?" म्हटलं, सुरुवातीला रडतात, नॉर्मल आहे.
जेवताना म्हणाली, शाळेत जायचं नाही.
उज्ज्वला म्हणाली, "कालपरेंत पोरगी दप्तर मांगून राह्यली होती." बायकोला सायकॉलॉजी कळत नाही. दडलेली भीती दोन दिवसांत बाहेर आली. रिझल्ट फास्ट आहे.

७ जून
मधे तीन दिवस खंड (पाहुणे, लाईट नाही, कंटाळा). आज उरलेली दोन्ही एकदम वाचली. एकात ससा डबा विसरतो, दुसऱ्यात अस्वलाला संडास सापडत नाही.
रूपाच्या सध्याच्या भीती : रडणं, डबा, संडास. तिन्ही वहीत नोंदवल्या. १ तारखेला एकही नव्हती. केवढी प्रगती.

१० जून
चूक सापडली. प्राणी! मेडशी गावच्या पोरीला अस्वल कसं आपलं वाटेल? आपलं गाव, आपली शाळा, आपले सर पाहिजेत. असं पुस्तक बाजारात नाही. मीच बनवणार. मालेगावला फ्लेक्सच्या दुकानात आठ वर्षं डिझायनर आहे. तालुक्यातले निम्मे वाढदिवस माझ्या हातचे.
चोवीस पानं. परवा तयार.

१४ जून
सुरुवात नाही. दहावी पास झालेल्यांच्या अभिनंदनाची बॅनरं चालू आहेत, एकेका पोराचे सतरा शुभेच्छुक. चोवीस पानं मुलांना जडच जातात. आठ पुरेत.

१६ जून, सायं. ६
झालं! पाच पानं. उरलेल्या फ्लेक्सच्या तुकड्यांवर छापली. भिजत नाही, फाटत नाही. हे आजवर कोणा प्रकाशकाला सुचू नये, आश्चर्य आहे.
पान चारवर पहिलीचे हेमसिंग सर. गावाच्या ग्रुपवरून फोटो घेतला. घाईत एक रेडी बॅकग्राऊंड वापरली. हलका निळा रंग, फुलांची माळ, खाली समई. सर फार शांत दिसतात.

१७ जून
वाचन झालं. फ्लेक्स मिटत नाही, उसळतो. चारही कोपरे धरायला चौघं बसलो. वातावरण कौटुंबिक.
पान चार आलं आणि आईने डोक्यावर पदर घेतला. "कोन गेलं रे?"
म्हटलं कोणी गेलं नाही, 'भावपूर्ण श्रद्धांजली' ही अक्षरं मी आधीच काढून टाकली आहेत. समई म्हणजे ज्ञानाचा दिवा. उज्ज्वला उठून आत गेली. रूपाने फोटोकडे बराच वेळ पाहिलं आणि खेळायला पळाली.

१८ जून
रूपाने शेजारच्या आदर्शला सांगितलं, सर वारले. आदर्शने त्याच्या आजीला, म्हणजे आवडाबाईंना. सकाळी सात वाजता आवडाबाई, चार बाया आणि डोक्याला दुपट्टा बांधून गल्लीतले पंजाबराव, सगळे सरांच्या दारात. दार सरांनीच उघडलं, तोंडात ब्रश. आलेच आहेत तर म्हणून सगळ्यांना चहा पाजला म्हणे.
दुपारी मला बोलावणं आलं. सरांनी पाचही पानं पाहिली. पान चारवर थांबले. म्हणाले, "फोटो चांगला निंघाला. पन मी जिता हाव, राजपाल."
पुस्तक ठेवून घेतलं. शाळेच्या लायब्ररीसाठी असावं.

२० जून
नवी अडचण. रूपा आता म्हणते, मेलेल्या सरांच्या वर्गात बसणार नाही. गल्लीतली आणखी चार पोरंही तेच म्हणतात. सर आदर्शच्या घरी स्वतः समजवायला गेले, तर पोरगं धान्याच्या कोठीच्या मागे लपलं. आवडाबाईंनी रस्त्यात मला बरंच सुनावलं. इतकी मुलं शाळेला मुकली तर माझ्यामुळे, असा सूर होता. जेवण गेलं नाही.
भाग दोन काढावा का? 'सर परत येतात'?

२१ जून
आईने भाग दोनचा विषय ऐकला. रूपाला आणि आदर्शला दोन हातांना धरून शाळेत घेऊन गेली. सर वर्ग झाडत होते.
तासाभराने परत. दोघांचे हात खडूने पांढरे. रूपाने नळाचं पाणी पिऊन पाहिलं, संडासाची कडी लावून पाहिली, आणि सरांना चिमटा काढला. सर ओरडले. आता तिला शाळेत जायचं आहे.
माझ्या पुस्तकांशिवाय काय काय तपासायचं हे तिला कळलंच नसतं.

२३ जून, सोमवार
शाळा सुरू. पालकांचा आधार म्हणून आठवड्याची रजा टाकली आहे. दारात सरांनी गुलाबाचं फूल दिलं. रूपाने घेतलं आणि आत गेली. वळून पाहिलं नाही. मी हात वर करून उभा होतो.
खिडकीपाशी थोडा थांबलो. साडेबारापर्यंत. फळा पुसल्याची धूळ डोळ्यांत गेली.

२४ जून
आज दुसऱ्या खिडकीपाशी. धूळ इथेही आहे. पहिल्या बाकावरच्या मुलीने माझ्याकडे पाहिलं आणि रडू लागली. मग तिच्या शेजारची. दहा मिनिटांत अख्खी पहिली रडत होती, रूपा सोडून. ती सगळ्यांना सांगत होती, "काई नाई झालं, तो माया बाबा हाय."
दप्तरात सरांची चिठ्ठी : पालकांनी खिडकीत उभे राहू नये.
रात्री रूपाने आजीला सांगितलं, "उद्या तू येजो मले सोडाले. बाबाले अजून सवय नाई झाली."

२५ जून
रजा रद्द. सकाळची एसटी. आई रूपाला घेऊन स्टँडवर आली होती. रूपाने माझ्या शर्टाची वरची गुंडी लावली. म्हणाली, "बाबा, दिवस जाते पटकन."
गाडी सुटली. कंडक्टरने विचारलं, कुठं? मी अजून खिडकीतून हात हलवत होतो. मागच्या सीटवरून पंजाबराव म्हणाले, "मालेगाव द्या त्याले एक."