चौकडीचा मासा

तीर्थरूप आत्या,

गुडघे परवानगी देतील तेवढं वाकून नमस्कार. तुझी कंबर कशी आहे? (खरं सांग. मागच्या वेळी ‘उत्तम’ कळवलंस आणि आठवडाभर आडवी होतीस.)

आमच्या मत्स्यालयातले मोठे साहेब गेल्या वर्षी वारले, ते तुला आठवत असेल. त्यांचा सारा जीव तळघरातल्या एका माशावर. खोल समुद्रातला, तळहाताएवढा, कुणी वरून पाय दिल्यासारखा चपटा. दोन्ही डोळे एकाच अंगाला. दिवसभर वाळूत गाडून घ्यायचं आणि नुसते डोळे बाहेर ठेवून बघत राहायचं, एवढाच त्याचा उद्योग. (आमच्या हिशेबनीसाचाही तोच, फक्त त्याला पगार आहे.) शिवाय ज्यावर बसेल त्याचा रंग अंगावर घ्यायची खोड. काळे खडे टाकले की काळा, पांढरी वाळू टाकली की पांढरा. साहेब आपला तपकिरी चौकडीचा स्वेटर घालून तासन्‌तास त्याच्यासमोर बसायचे.

ते गेल्यावर मी टाकी साफ करायला घेतली, वाळू उपसली, तर माशाच्या पाठीवर तपकिरी चौकडी! टाकीत चौकडीचं म्हणून काही नव्हतं. माझी बादली माझ्याच पायावर पडली. हिशेबनीस म्हणाला, शेवाळ असेल. शेवाळ काय पट्टी लावून उगवतं?

मग साहेबांच्या बाई त्यांचं सामान न्यायला आल्या. टाकीपुढे थबकल्या त्या हलेचनात. मी चाचरत म्हटलं, “हवा तर घरी पोचवतो.”

“नको,” त्या म्हणाल्या, “जिवंतपणी तरी घरी कुठे थांबायचे? इथेच बरे आहेत.”

तेव्हापासून रोज दुपारी विणकाम घेऊन येतात आणि संसारभर साठलेलं सगळं त्याला ऐकवतात. तो मुकाट ऐकून घेतो. मी चहा नेऊन देतो. माझा तेवढाच संबंध.

काकांना नमस्कार, आणि त्यांची कवळी सापडली का ते कळव.

तुझा भाचा,
ढब्बू

ता. क. तेवढाच संबंध नाही. बाईंना लग्नाचं विचारावं असं मनात आहे. ते तू विचार. तुझ्या शब्दाला वजन आहे, माझ्या नुसतंच शरीराला.

आणखी एक. परवा मीच धीर करून “बाई, एक विचारायचं होतं” इथवर आलो होतो. तेवढ्यात मासा वाळूतून उठला (असं त्याने आजवर कधी केलं नव्हतं), काचेला येऊन चिकटला आणि दोन्ही डोळे माझ्यावर रोखले. बाई मान वर न करता म्हणाल्या, “यांना आवडलेलं दिसत नाही.” मी कप उचलून निघून आलो.

शेवटचं. उत्तर घरच्या पत्त्यावर धाड. मत्स्यालयात आलेलं टपाल शिपाई त्याच टाकीच्या काचेला टेकवून ठेवतो.