दादाची फांदी

सगाईंग, १६ मे

प्रिय थंडारताई,

तू बरी आहेस ना? आई बरी आहे, भात नीट खाते, झोपही लागते तिला. मी अजून मठातच आहे. इथे फोन काढून घेतात, आणि फोनवर मी गप्पच बसते हे तुला माहितीय. चौथीनंतर काही लिहिलेलं नाही, तेव्हा अक्षराला हसू नको.

डोकं भादरलंय. गुलाबी झगा मोठा होतो, पायात येतो. दुपारनंतर जेवण नसतं. पण भुकेचं काही नाही गं.

डोळे मिटून बसलं की दादाची मडकी वाजतात. ताडी काढून उतरताना त्याच्या कमरेला आपटायची ना, तशीच. जसा काही तो त्या ताडावरून पडलाच नाही. मग हाक यायची, "ए गोगलगाय, शिंगं काढ की बाहेर!"

आम्हाला ध्यान शिकवणाऱ्या म्हाताऱ्या साध्वीबाईंना मी सांगितलं. आधी त्या म्हणाल्या, "मोठ्यानं बोल गं, तोंडात विडा आहे का?" मग म्हणाल्या, "हाकलू नको, बोलावूही नको. ऐकू येतंय, ऐकू येतंय, एवढंच मनात म्हण. रडू आलं तर, रडू येतंय. जे येतं ते आपणहून जातं."

तेच तर नकोय मला. काल एकदा म्हणून बघितलं. मडकी लांब लांब गेली. घाबरून डोळेच उघडले मी.

ताई, आईला सांगू नकोस. स्मशानातून निघताना ती म्हणाली, "फांदी तू मोड, तिच्यावर बसून घरी येईल तो सात दिवस. तुझं ऐकायचा तो." सगळे बघत होते. तरी मोडली, हळूच म्हटलं, "दादा, घरी चल." वाटेत ती पोलक्यात लपवली आणि आईच्या हातात कुंपणाच्या चिंचेची डहाळी दिली. सातव्या दिवशी भिक्खू जेवून गेले, पाणी सोडलं, आई त्या चिंचेला म्हणाली, "आता जा रे बाळा." आणि मोकळी झाली.

दादा गेलाच नाही. इथे माझ्या उशीखाली आहे.

तुला यांगूनच्या कारखान्यात सुट्टी देत नव्हते. मला वाटलं, ताईला एकदा भेटू दे, मग जाईल. कासोनच्या पौर्णिमेला, बुद्धजयंतीला येते म्हणालीस. पौर्णिमा होऊन गेली.

आता मडकी रिकामी वाजतात. हाकही मारत नाही तो, नुसता चढतो, उतरतो, परत चढतो. दमलाय गं.

पत्र मिळालं की निघ. नाहीच जमलं तर, म्हणून फांदीचं एक पान सोबत घातलंय. हातात धर आणि मोठ्यानं म्हण, जा. मी खूपदा म्हणायला गेले. माझ्या तोंडून "चल" हेच निघतं.

तुझी, आणि अजून त्याचीही,
गोगलगाय