गाडीला येणारी भरती

माजिवडा,
चैत्र वद्य पंचमी

महिपतदादांना नामाचा नमस्कार.

आधी तुमच्या उजव्या गुडघ्याची चौकशी करतो, मग तुमची. कारण मागच्या खेपेला तुम्ही हसत होतात, पण गुडघा काही माझ्याशी बोलत नव्हता. वहिनींचा खोकला थांबला असेल. इकडे तुमची बहीण मंजुळा बरी आहे (माझ्यावर रागावलेली आहे, म्हणजे चांगलीच बरी आहे). लेक रतन लग्नाच्या साड्यांत बुडालेली. घरात आजारी काय ती एकटी गाडी.

गाडी तुम्ही पाहिलीच आहे. आमची मिठागराची जमीन घेताना बिल्डरने पैशांच्या वर दिलेली, परदेशातून आलेली, आमच्या ओटीपेक्षा लांब. हिला ट्रकासारखे पाटे नाहीत, खाली हवेच्या रबरी पिशव्या आहेत. किल्ली फिरवली की पंप घूंऽऽ करतो, पिशव्या फुगतात आणि गाडी आपोआप वर येते. मागे चार जाडी माणसं बसली तरी हवा भरून पुन्हा सरळ होते. दादा, त्या वेळी आत बसून पाहा. चिखलात रुतलेल्या होडीखाली पाणी शिरतं, बूड हळूच सुटतं आणि आपण कुणीही न ढकलता तरंगायला लागतो, तस्सं वाटतं. मी तर डोळे मिटून घेतो. मग समोरची नवी इमारत दिसत नाही, हायवेचा आवाज लाटांत मिसळतो आणि आपण दोघं खाडीत कोळशेतच्या वळणावर जाळं टाकून बसलोय असं वाटत राहतं. (मंजुळा याला झोप म्हणते.)

तर शिमग्यानंतर एका सकाळी पाहतो, गाडी मागून खाली बसलेली. दुसरा कुणी असता तर मेकॅनिककडे धावला असता. मी आधी तिथी मोजली. ओहोटी! दुसऱ्या दिवशी जरा उशिराने बसली, तिसऱ्या दिवशी आणखी उशिराने. खाडीचं पाणीही असंच रोज मागे सरकतं की नाही? मला इतका आनंद झाला की काय सांगू. खाडी सुटली असं आपण म्हणत होतो, पण ती मला विसरली नव्हती. उधाण जवळ आलं तशी मी गाडी आंब्याला दोराने बांधलीसुद्धा. अष्टमीला पाणी मंद असतं, तेव्हा गाडी बसणार नाही, असं साऱ्या आळीला सांगून टाकलं. नेमकी अष्टमीलाच ती अशी बसली की सायलेन्सर जमिनीला टेकला. आळी अजून हसते आहे.

मग नाक्यावरचा पोपट मेकॅनिक आला. दोर बघून म्हणाला, "काका, ही काय पळून जाणारे का? हवा लीक आहे, साबणाचं पाणी आणा." मंजुळाने बादलीभर फेस केला. पोपटने तो नळ्यांवर लावला आणि मागच्या नळीपाशी एक फुगा हळूहळू फुगत गेला, लिंबाएवढा झाला, त्यात आख्खा आंबा उलटा दिसला. आम्ही सगळे बघतच राहिलो. तो फुटला तेव्हा मला उगाच वाईट वाटलं. नळी उंदराने कुरतडली होती. उंदीर तिथे का आला, तर मंजुळाने मांजरांच्या भीतीने सुकटीची टोपली डिकीत ठेवली होती. (तीच सुकट तुम्हाला पाठवली. पेट्रोलचा वास आला तरी गोड मानून घ्या.)

पोपटने नळी बदलली, पण पिशव्याही जुन्या, झिरपतात म्हणाला. "हे झंझट काढून साध्या स्प्रिंगा टाकू, जन्मात बसणार नाय." मी त्याला चहा पाजून वाटेला लावला. जी जन्मात बसणार नाही ती उठणार तरी कशी? आणि आता पाहा, गाडी रोज सकाळी पुन्हा खाली. वैशाख पौर्णिमेला रतनची पाठवणी याच गाडीतून करणार म्हणून ठाकुर्लीच्या व्याह्यांना मी छातीठोकपणे सांगितलंय. वाटेत बसली तर पोरीला पहिल्याच दिवशी ऐकून घ्यावं लागेल. त्याचीच काळजी लागली आहे.

तुमचा,
नामा

ता. क. गाडी आली तेव्हा मी माझी होडी तुम्हाला देऊन टाकली, ब्याद गेली असंही म्हणालो. ते मनावर घेऊ नका. पौर्णिमेला दुपारी पाणी वर चढतं, थेट ठाकुर्लीच्या मागच्या काठापर्यंत. गाडीचा भरवसा नाही, म्हणून म्हणतो, एका दिवसापुरती होडी द्याल का? वल्ही मामाच्या हातात असली तर पोरही रडणार नाही. मी रडलो तर खारं पाणी अंगावर उडालं म्हणता येईल.

ता. क. दादा, मी मंजुळा. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलंय म्हणून लिहिते. गाडी ठणठणीत आहे. पिशव्या झिरपल्या तरी पंप परत भरतो, फक्त डिकीतलं बटण चालू पाहिजे. ते बटण आमचे हेच रोज जेवण झाल्यावर गुपचूप बंद करून येतात आणि सकाळी खाली बसलेली गाडी मला दाखवतात. मी रतनला विचारलं, तर म्हणाली, गाडीत मला मळमळतं, बाबांच्या होडीतूनच जाईन. तेव्हा होडी घेऊन ये. आणि येताना एक कर, जायला रिक्षाचे पैसे बरोबर ठेव. होडी परत नेऊ नको.